लाव्यांचा हिशेब ठेवणारा कर्नल

मार्गशीर्षातली सकाळ. परभणीच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी कमरेला लागलेली असते आणि हरभऱ्यावर दव साचलेले असते. बांधावरून चालताना अचानक पायाजवळून भुर्रकन एक पाखरू उठते, जमिनीलगत शे-दोनशे फूट उडते आणि पुन्हा पिकात बुडी मारते. तपकिरी, गोलमटोल, शेपूट नसल्यासारखे दिसणारे. पाहणारा शेतकरी असो की शाळेतला मुलगा, तो एकच शब्द बोलतो : लावा.

पण हा लावा नेमका कोणता? तो याच शिवारात जन्मलेला असेल किंवा हिमालयापलीकडून थंडीपुरता आलेला असेल. तो एकटा उठला की दहा-बाराच्या टोळीने, त्याच्या छातीवर काळा डाग होता की आडव्या रेघा, यावरून पक्षी बदलतो. दिसायला सारखी वाटणारी ही पाखरे वेगळी आहेत, हे दख्खनच्या मातीवर उभे राहून पहिल्यांदा चिकाटीने नोंदवले ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. ते ना पक्षिशास्त्राचे प्राध्यापक होते, ना कुठल्या संग्रहालयाचे अधिकारी. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते, आणि या मुलखात पहिल्यांदा आले ते लढायला.

खडकीच्या लढाईतला अधिकारी

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळ झाला. योगायोग असा की, ज्याला आज आपण रानलावा म्हणतो त्या पक्ष्याला त्याच वर्षी शास्त्रीय नाव मिळाले. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी साइक्स कंपनीच्या नोकरीत दाखल झाले आणि मुंबईच्या फौजेत रुजू झाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांनी भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा हा कोवळा अधिकारी तिथे हजर होता.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडली. ते हिंदुस्तानी आणि मराठी शिकले. १८१० च्या सुमारास दोन्ही भाषांमध्ये दुभाषी म्हणून त्यांची परीक्षाही झाली. फौजेतल्या हुकूमांपुरती भाषा अनेकांना येत असे. मात्र गावच्या पाटलाशी, कुलकर्ण्याशी, शेतकऱ्याशी बसून बोलता येईल इतकी भाषा थोड्यांनाच येत होती.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या आणि कंपनीच्या फौजा समोरासमोर आल्या. साइक्स कंपनीच्या बाजूने लढले. त्यानंतरच्या पुण्याच्या लढाईत आणि डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही ते होते. मराठी वाचकाने हे विसरण्याचे कारण नाही. ज्या माणसाने पुढे दख्खनची पाखरे प्रेमाने मोजली, तोच माणूस आधी हा मुलूख जिंकणाऱ्या सैन्यात होता. त्यांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत.

या धामधुमीच्या काळातच त्यांची नजर रणांगणाबाहेरही फिरत होती. निजामाच्या मुलखात असलेल्या वेरूळच्या लेण्यांवर त्यांनी सविस्तर टिपण लिहिले आणि ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. मराठवाड्याच्या मातीशी त्यांचा संबंध आला तो असा, दगडात कोरलेल्या मूर्तींच्या निमित्ताने. पाखरांच्या निमित्ताने मात्र तो आला नाही आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

मोजणीची नोकरी

१८२० मध्ये साइक्स रजेवर युरोपात गेले आणि चार वर्षे तिकडे फिरले. १८२४ मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना एक वेगळेच काम दिले. पेशवाई बुडून जेमतेम सहा वर्षे झाली होती. नव्या मुलखात माणसे किती, जमीन कसली, पिके कोणती, मजुरी काय, पाऊस किती, याची कंपनीला नीट माहिती नव्हती. ती गोळा करण्यासाठी साइक्स यांची नेमणूक झाली. आजच्या भाषेत सांगायचे तर ते या प्रांताचे सांख्यिकी अधिकारी झाले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्यांच्या कामाचे क्षेत्र होते.

ही मोजणी निव्वळ ज्ञानासाठी नव्हती, हेही सांगायला हवे. किती पिकते हे कळले की किती सारा घेता येईल हे ठरवता येते. गावोगाव फिरणाऱ्या या साहेबाच्या वहीकडे शेतकरी कशा नजरेने पाहत असतील, याची कल्पना करता येते. पण साइक्स यांची वही साऱ्याच्या हिशेबापाशी थांबली नाही. वाटेत जे जे दिसेल ते ते तिच्यात जात राहिले. जमिनीची प्रत, वतनांचे प्रकार, विहिरींचे पाणी, रानटी रेशमाचा किडा, नद्यांमधले मासे, रानातली जनावरे आणि पाखरे.

हवामानाची त्यांना विशेष ओढ होती. हवेचा दाब मोजणारे यंत्र ते बरोबर बाळगत आणि दिवसातून अनेकदा त्याचे आकडे टिपून ठेवत. दख्खनच्या पठारावर हवेचा दाब रोज ठरावीक वेळी दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हे त्यांच्या नोंदींतून स्पष्ट दिसले. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चढ, दुपारी चार-पाचच्या सुमारास उतार, रात्री पुन्हा चढ, पहाटे पुन्हा उतार. समुद्राला जशी भरती-ओहोटी, तशी हवेलाही असते. सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणात उठणाऱ्या या लाटेचे आकडे एका फौजी अधिकाऱ्याने तंबूत बसून जमवले होते. १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांचा हा निबंध छापला.

१८२९ च्या डिसेंबरात खर्चकपातीचे कारण देऊन हे पदच रद्द करण्यात आले. साइक्स यांना पुन्हा फौजेत जावे लागले. मात्र हाती घेतलेले काम अर्धवट सोडणे त्यांना पटेना. थोड्याच काळात फौजी कामातून बाहेर पडून त्यांनी पाहणी पूर्ण करायला घेतली आणि जानेवारी १८३१ मध्ये ती संपवली. त्याच वर्षी ते इंग्लंडला निघाले. सामानात कागदांबरोबर पक्ष्यांची कातडीही होती.

पोटात काय आहे?

१८३१ आणि १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे साइक्स यांनी दख्खनच्या प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या याद्या मांडल्या. पक्ष्यांच्या यादीत २०० हून अधिक जाती होत्या आणि त्यांतल्या ५० हून अधिक जाती शास्त्राला नव्या म्हणून त्यांनी मांडल्या होत्या. दख्खनच्या पक्ष्यांची ही पहिली मोठी शास्त्रीय यादी.

त्या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारायचा. दुर्बिणीतून पाहून ओळखण्याची पद्धत फार पुढची. आज ही गोष्ट खटकते आणि खटकायलाही हवी. पण त्या काळच्या अनेक संग्राहकांसारखे सुंदर पिसांची कातडी गोळा करून साइक्स थांबले नाहीत. पक्ष्याच्या डोळ्याचा रंग, आतड्याची लांबी आणि पोटात सापडलेले अन्न हेसुद्धा ते लिहीत. पाखरू काय खाते हे ऐकीव माहितीवर न सोडता त्यांनी पोट उघडून पाहिले. शेतीच्या दृष्टीने ही नोंद मोलाची आहे. कोणता पक्षी दाणे टिपतो, कोणता किडे खातो आणि कोणता दोन्ही, हे यावरूनच कळते.

त्यांनी नावे दिलेले अनेक पक्षी आज परभणीकराच्या रोजच्या पाहण्यातले आहेत. तळ्याच्या काठी मान आखडून बसणारी आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र दिसणारी ढोकरी. घराजवळच्या झुडपात शेपूट हलवत फिरणारा राखी वटवट्या. गवतात वावरणारा साधा वटवट्या. बाभळीखाली कलकलाट करणारा मोठा राखी सातभाई. या सातभाईला त्यांनी एल्फिन्स्टननंतर आलेले गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे नाव दिले. ओसाड माळावर दिसणाऱ्या एका तुरेवाल्या चंडोलाच्या शास्त्रीय नावात त्यांनी ‘देवा’ हा शब्द घातला. रानकुत्र्याला दिलेल्या नावात तर त्यांनी दख्खनच गुंफली होती.

एक लावा नव्हे, अनेक

साइक्स यांच्या आवडीचा एक गट म्हणजे लावे. पक्ष्यांची यादी मांडून झाल्यावरही त्यांनी हा विषय सोडला नाही. भारतातले लावे आणि लाव्यांसारखे दिसणारे तीन बोटांचे पक्षी यांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. तो झूऑलॉजिकल सोसायटीच्याच ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

विषय वरवर सोपा वाटतो, पण तो तसा नाही. लावा सहसा समोर येत नाही. तो दिसतो तेव्हा उडून चाललेला असतो आणि तेही दोन-तीन सेकंदच. मादी आणि पिल्ले जवळजवळ एकाच रंगाची. त्यामुळे शिकारी, खवय्ये आणि शेतकरी या सगळ्यांनाच सगळे लावे सारखे वाटत. साइक्स यांनी हाताळलेल्या आणि पुढच्या अभ्यासकांनी पक्क्या केलेल्या फरकांमुळे आज चित्र बरेच स्पष्ट आहे.

पहिला सामान्य लावा. या गटातला हा मोठा, साधारण २० सेंटिमीटर लांबीचा आणि सुमारे १०० ग्रॅम वजनाचा. त्याचे पंख लांब आणि टोकदार असतात, कारण त्याला खूप दूर उडायचे असते. युरोप आणि मध्य आशियात वीण करून हे पक्षी थंडीत दक्षिणेकडे सरकतात. आपल्याकडे ते सप्टेंबर-ऑक्टोबरपासून दिसू लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. उत्तर भारतात ते अधिक संख्येने येतात, दख्खनकडे येता येता संख्या कमी होते. उभी ज्वारी, गहू, हरभरा, गवताळ बांध ही त्यांची जागा. रात्री प्रवास करणारे हे इवलेसे पाखरू हजारो किलोमीटर ओलांडून येते, हे त्याच्या आखूड उड्डाणाकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही.

दुसरा पावसाळी लावा. नराच्या छातीवर काळा ठसठशीत डाग असतो. पाऊस पडला, गवत वाढले की त्याचा दोन सुरांचा आवाज ऐकू येऊ लागतो. तो परदेशातून येत नाही. पावसाप्रमाणे देशातल्या देशातच जागा बदलतो.

तिसरा आणि चौथा म्हणजे झुडपी लाव्यांची जोडी : रानलावा आणि खडकाळ माळावरचा लावा. हे कुठेही जात नाहीत. जिथे जन्मतात तिथेच आयुष्य काढतात. सहा-सातपासून पंधरा-वीसपर्यंतची त्यांची टोळी असते. धोका जाणवला की सगळे एकत्र दबून बसतात आणि अगदी पाय पडायची वेळ आली की एकाच क्षणी चहूदिशांना उधळतात. नंतर शिट्ट्या घालत पुन्हा गोळा होतात. रानलाव्याच्या भुवईवर लांब फिकट पट्टा आणि गळ्यावर गडद तांबूस रंग असतो. तो थोडी अधिक झाडी पसंत करतो. दुसऱ्याचा गळा विटकरी असतो, भुवईचा पट्टा तितका ठळक नसतो आणि त्याला मुरमाड, कोरडे, खुरटे माळरान आवडते. या माळावरच्या लाव्याला वेगळी जात म्हणून १८३२ मध्ये शास्त्रीय नाव दिले ते साइक्स यांनी.

लाल चोचीच्या रंगीत लाव्यालाही त्याच वर्षी त्यांनीच नाव दिले. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘लाल चोचीचा’ असा आहे. तो सह्याद्रीसारख्या डोंगराळ, पावसाच्या भागातला. परभणीच्या सपाट शिवारात तो शोधू नये.

शेवटचा गट तीन बोटांच्या पाखरांचा. दिसायला हुबेहूब लावा, पण पायाला मागचे बोट नसते आणि शास्त्रज्ञ त्यांना लाव्यांचे नातेवाईकही मानत नाहीत. त्यांच्यात संसाराची रीतही उलटी. मादी आकाराने मोठी आणि रंगाने उठावदार. ती घुमते, दुसऱ्या माद्यांशी भांडते, अंडी घालते आणि निघून जाते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे काम नराचे. लावे आणि ही पाखरे एकाच निबंधात समोरासमोर ठेवून पाहिली की कोणते साम्य वरवरचे आणि कोणते खरे, हे कळायला मदत होते.

थंडीचा पाहुणा, नावात राम

हिवाळी पाहुण्यांपैकी एक फारच साधे पाखरू साइक्स यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे. चिमणीहून लहान, फिकट मातकट रंगाचे, अंगावर एकही ठळक खूण नसलेले. ते बाभळीच्या फांद्यांमधून किडे टिपत फिरते. साइक्स यांनी १८३२ मध्ये त्याला दिलेल्या शास्त्रीय नावात ‘रामा’ हा शब्द आहे. हा पक्षी इराण, अफगाणिस्तान, कझाकस्तान या भागांत वीण करतो आणि थंडी काढायला भारतात येतो.

पुढे बराच काळ त्याला दुसऱ्या एका वटवट्याचाच प्रकार मानले गेले आणि साइक्स यांचे निरीक्षण बाजूला पडले. गेल्या काही दशकांत आवाज, अंगाची मापे आणि आनुवंशिक चाचण्या तपासल्यावर तो पुन्हा स्वतंत्र जात ठरला. आज जगभरचे पक्षिनिरीक्षक त्याला साइक्सचा वटवट्या म्हणतात. ज्यात वेगळे काही दिसू नये अशा पाखरात या माणसाला वेगळेपण दिसले होते आणि त्याच्यावर शिक्कामोर्तब व्हायला दीडशेहून अधिक वर्षे गेली.

लंडनमधली चाळीस वर्षे

इंग्लंडला गेल्यावर साइक्स यांची मोजण्याची सवय सुटली नाही. १८३३ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्याच सुमारास लंडनमध्ये सांख्यिकी संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ते होते आणि १८६३ ते १८६५ या काळात तिचे अध्यक्षही झाले. चार जिल्ह्यांच्या पाहणीचा अहवाल ब्रिटिश विज्ञान परिषदेने प्रसिद्ध केला. दख्खनच्या नद्यांमधल्या ४६ जातींच्या माशांवरही त्यांनी लिहिले.

आरोग्याच्या क्षेत्रातही त्यांनी आकड्यांचीच कास धरली. १८३५ पासून सुमारे दहा वर्षे ते मनोरुग्णांच्या आश्रयस्थानांची देखरेख करणाऱ्या आयोगावर बिनपगारी काम करत होते. १८४७ मध्ये त्यांनी कंपनीच्या भारतातल्या फौजांमधल्या आजारपणाचा आणि मृत्यूंचा हिशेब मांडला. एकाच हवेत, एकाच छावणीच्या आसपास राहूनही गोऱ्या सैनिकांमधले मृत्यूचे प्रमाण देशी शिपायांपेक्षा कितीतरी जास्त होते. सगळा दोष इथल्या हवेवर टाकून मोकळे होण्याचा तो काळ होता. साइक्स यांनी दारू आणि राहणीमानाकडे बोट दाखवले. दोन गट शेजारी ठेवून फरक कशात आहे ते शोधायचे, ही पद्धत त्यांनी लाव्यांना लावली होती, तीच माणसांच्या आजारांनाही लावली.

उंचावरच्या हवेचे आकडे मिळावेत म्हणून शास्त्रज्ञांनी फुग्यात बसून वर जावे, यासाठीही ते झटले. ब्रिटिश विज्ञान परिषदेने नेमलेल्या समितीत त्यांनी पुढाकार घेतला आणि १८६० च्या दशकात जेम्स ग्लेशर यांची गाजलेली उड्डाणे झाली. दख्खनच्या तंबूतला हवेचा दाब मोजणारा अधिकारी आता आकाशातला दाब मोजायला माणसे पाठवत होता.

१८४० मध्ये ते कंपनीच्या संचालक मंडळावर गेले, १८५६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १८५७ पासून अखेरपर्यंत अॅबर्डीनचे खासदार राहिले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

सीना-भीमेच्या पलीकडे

साइक्स यांच्या यादीची एक मर्यादा परभणीच्या वाचकाला सहज जाणवेल. त्यांची दख्खन म्हणजे कंपनीच्या ताब्यातली दख्खन. पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला साधारण सीना-भीमेचे खोरे, एवढ्यात त्यांची पाहणी संपत होती. त्यापलीकडे निजामाची हद्द. गोदावरी, दुधना आणि पूर्णेकाठचा परभणीचा सगळा मुलूख तिच्यात होता. लावे ही हद्द पाळत नव्हते. जसा माळ सोलापूर-नगरकडे, तसाच जिंतूर आणि गंगाखेडच्या डोंगरउतारावर. जशी ज्वारी भीमेकाठी, तशीच पाथरी-सेलूकडे. पण नोंदवही हद्दीशी थांबली आणि अलीकडचे रान कागदावर कोरे राहिले.

ते कोरेपण भरायला सुमारे शंभर वर्षे जावी लागली. १९३१-३२ मध्ये डॉ. सालिम अली यांनी निजाम सरकारच्या मदतीने हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. परभणी तेव्हा त्याच संस्थानातला जिल्हा होता. सालिम अलींच्या पुढच्या प्रादेशिक पाहण्यांची ही सुरुवात होती. अहवाल मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आला. तरीही एवढ्या मोठ्या संस्थानात प्रत्येक शिवारापर्यंत एक मोहीम कशी पोहोचणार?

एखाद्या जिल्ह्यात एखादा पक्षी दुर्मिळ आहे असे आपण सहज म्हणतो. त्याचे दोन अर्थ असू शकतात. एक तर तो पक्षी खरोखर कमी आहे, किंवा पाहून लिहिणारी माणसे कमी आहेत. लाव्यासारख्या लपणाऱ्या पाखराच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो. जे लिहिले गेले नाही ते नव्हतेच, असे पुढच्या पिढीला वाटते. मग कमी झाले की वाढले, हे सांगायला आधारच उरत नाही.

आज कोणाची वही?

लाव्यांना लागणारे रान झपाट्याने बदलते आहे. माळ नांगराखाली येतात, गवताचे बांध यंत्राने सपाट होतात, तणनाशकाने बांधावरचे गवत जळते, कीटकनाशकांनी किडे मरतात. मोठा लावा दाण्यांवर भागवू शकतो, पण त्याच्या पिल्लांना सुरुवातीच्या दिवसांत किडेच लागतात. ज्या बांधावर गवत नाही तिथे घरटे नाही, आणि ज्या शेतात किडे नाहीत तिथे पिल्ले जगत नाहीत. हेच लावे तणाचे बी आणि पिकावरचे किडे टिपतात, म्हणजे शेतकऱ्याचे काम करतात.

शिकारीचा प्रश्नही आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातले लावे पकडणे, मारणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. हॉटेलात किंवा फार्मवर मिळणारी बटेर ही जपानी जातीची, पिंजऱ्यात वाढवलेली असते. शिवारातल्या लाव्याशी तिची गल्लत करून रानातले पाखरू खपवले जाऊ नये, यासाठी फरक माहीत असायला हवा.

साइक्स यांना पक्षी ओळखण्यासाठी बंदूक लागत होती. आज दुर्बीण, मोबाइलचा कॅमेरा आणि आवाज टिपण्याची सोय पुरते. येलदरीच्या जलाशयावर उतरणारी बदके पाहायला माणसे जमतात. भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरले की सगळ्या गावाला कळते. लावा मात्र कोणी पाहायला जात नाही, तो चुकूनच दिसतो. तेव्हा एवढेच टिपावे : तारीख, गाव, पीक की माळ, एकटा की टोळी, छातीवर डाग की रेघा, आवाज दोन सुरांचा की तीन. ई-बर्डसारख्या ठिकाणी किंवा साध्या वहीत लिहिलेली अशी नोंद पन्नास वर्षांनीही कामाला येते.

थंडी सरता सरता, ज्वारीची काढणी झाली की पाहुणा लावा एखाद्या रात्री निघून जातो. माळावरचा लावा मात्र उन्हाळ्यातही त्याच खडकांत, त्याच खुरट्या बोरीखाली असतो. १८३२ मध्ये त्याला शास्त्रात जागा मिळाली. परभणीच्या माळावर त्याला जागा राहील की नाही, हे इथल्या बांधांवर आणि इथल्या वह्यांवर ठरणार आहे.